परातीतले पाहुणे

आमची यमूआत्या भुईगावहून मुंबईला केळीची पानं विकायला जायची आणि येताना परग्रहावरची माणसं बघून यायची.

यात अतिशयोक्ती काही नाही. पन्नास सालानंतरचे ते दिवस. मुंबईच्या इंग्रजी थेटरांत तेव्हा एका जातीच्या सिनेमांची लाट आली होती. आकाशातून काहीतरी गोल, चकचकीत उतरायचं, त्यातून कोणीतरी बाहेर यायचं आणि मग पृथ्वीवर एकच धावपळ व्हायची. हे सिनेमे बघायला कॉलेजातली मुलं जायची, गोरे खलाशी जायचे, कोट घातलेले पारशी जायचे. आणि त्यांच्या मधल्या एखाद्या खुर्चीत नऊवारी लुगडं नेसलेली, अनवाणी पायांची, अंबाड्यात सोनचाफा खोवलेली आमची आत्या मांडीवर रिकामी पाटी घेऊन बसलेली असायची.

पहिल्यांदा ती आत शिरली ती पाय दुखले म्हणून. भुलेश्वरला पानं देऊन धोबीतलावापर्यंत कोणाच्या तरी निरोपासाठी चालत गेली होती. ऊन मी म्हणत होतं. समोर थेटर, आणि थेटरावर मोठ्या चित्रात एक भलीमोठी परात आकाशातून खाली येताना दाखवलेली. आत्याला वाटलं, सिनेमा लग्नाचा असणार. बसायला मिळेल आणि पंगतही बघायला मिळेल, म्हणून ती गेली. दारावरच्या माणसाने पाटी बाहेर ठेवायला सांगितली. आत्याने ठेवली नाही. मागे रांग खोळंबली, तरी ती पाटीसकट तिथेच उभी राहिली. शेवटी कंटाळून त्याने तिला सोडलं. पुढे दोघांची इतकी ओळख झाली की ती दिसली की तो तिला पाटीसकट आपणहून आत सोडायचा आणि ती त्याच्या हातावर दोन फुलं ठेवायची.

त्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर तिने आम्हाला तो सिनेमा सांगितला. मी नुकताच गावच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो आणि इंग्रजी आपल्याला येतं असा माझा पक्का समज होता. मी विचारलं, "आत्या, तुला इंग्रजीतलं कळलं कसं?"

"मला येत नाही, तसं त्या आलेल्यांनाही येत नव्हतं," आत्या म्हणाली. "म्हणून मला त्यांची बाजू बरोबर कळली."

आमच्या घरची बोली मी इथे जशीच्या तशी लिहीत नाही. लिहिली तर वसईबाहेरच्या वाचकाला दर दोन शब्दांनी थांबावं लागेल. तेव्हा आत्याचं बोलणं मी जरा कपडे घालून आणलंय, असं समजा.

एक सिनेमा बघितला आणि तिला नाद लागला. त्या जातीचा नवा सिनेमा आला की ज्या दिवशी पानं द्यायची असतील त्या दिवशी ती बघून येणारच. गोष्ट साधारण तीच असायची. परात उतरते. टोपीवाला साहेब फोन उचलतो. पाइप ओढणारा एक म्हातारा प्रोफेसर असतो, त्याची देखणी मुलगी असते. तोफा येतात. परातीतून किरण सुटतो आणि तोफा वितळतात. मग मुलगी किंचाळते, पळते आणि पडते.

या मुलीवर आत्याचा विशेष राग होता. "पळताना पडायचं काय कारण आहे? रस्ता डांबरी. पायात बूट. डोक्यावर काही नाही. आम्ही भरलेली पाटी घेऊन शेवाळलेल्या बांधावरून पळतो, कोणी पडलंय आजपर्यंत?" ती हे इतक्या तळमळीने बोलायची की विहिरीवरच्या बायकांना वाटे, ती मुलगी आमच्या नात्यातलीच कोणीतरी असावी.

तिचा दुसरा राग टोपीवाल्या साहेबावर होता. पाहुणा दारात आला रे आला की हा माणूस तोफा मागवतो. त्याला आधी विचारावं, बाबा, कोण तू, काय पाहिजे. एकाही सिनेमात एकही माणूस हे करत नाही. "बोलून बघायला काय जातं?" हे वाक्य तिने त्या सिनेमांमुळे धरलं आणि मग ते तिच्या तोंडी असं बसलं की कुठेही यायचं. दोन भावांचं पाटाच्या पाण्यावरून वाजलं, बोलून बघायला काय जातं. कोणाची म्हैस दूध देईना, बोलून बघायला काय जातं. ती म्हशीशी बोलायची आणि म्हैस दूध द्यायचीही, त्यामुळे वाद घालायला जागा उरायची नाही.

आत्याचं घर आमच्या वाडीच्या अगदी टोकाला होतं. त्याच्या पुढे सुरूची झाडं आणि त्यांच्या पुढे समुद्र. तिचं लग्न फार लहान वयात खाडीकडच्या, कामणजवळच्या एका भातशेतीवाल्या घरात झालं होतं. तिथली बोली वेगळी, जेवण वेगळं, कामं वेगळी. काही वर्षांनी नवऱ्याने दुसरी बायको आणली आणि आत्या माहेरी परत आली. आजोबांनी तिला ते टोकाचं घर आणि भोवतालची केळीची बाग दिली. तिला कोणी वाईट वागवलं असं नाही. पण तिच्या घराकडे जाणारी पायवाट पुढे कुठेच जात नव्हती, त्यामुळे जाता जाता डोकावणारं कोणी नव्हतं. मुद्दाम जावं असं काम सहसा निघायचं नाही. ती विहिरीवर सगळ्यांशी बोलायची, आमच्याकडे यायची, लग्नाकार्यात राबायची आणि काम झालं की त्या वाटेने एकटी निघून जायची. आम्हाला ते इतकं सवयीचं झालं होतं की त्यात बघण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलं नाही.

तर ही आत्या एके दिवशी ठरवून बसली, की ते इथेही येणार.

तिचा हिशेब पक्का होता. सिनेमात ते नेहमी निवांत जागी उतरतात. वस्ती तुरळक, जागा मोकळी, पाणी जवळ. भुईगावच्या किनाऱ्याइतकी निवांत जागा मुंबईजवळ दुसरी कोणती आहे? अर्नाळ्याला होड्यांची गर्दी, मासे वाळत घातलेले, पाय ठेवायला जागा नाही. ते तिथे कशाला उतरतील? इथेच येणार. आणि आले की आपल्या गावाने काय करायचं, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे.

ती पंचायतीच्या सभेत गेली. त्या काळी बायका सभेच्या दाराशीही यायच्या नाहीत. आत्या आत जाऊन सतरंजीवर बसली आणि विहिरीच्या कठड्याचा विषय संपताच तिने आपला विषय मांडला. लोक आधी हसले. ती हसू संपेपर्यंत थांबली आणि तोच विषय त्याच शब्दांत परत मांडला. पुन्हा हसले. तिने तिसऱ्यांदा मांडला. मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की यावर बोलल्याशिवाय आज जेवायला घरी जाता येणार नाही.

आणि गंमत अशी की एकदा बोलायला लागल्यावर सगळेच मनापासून बोलायला लागले. आमच्या भटजींना चिंता पडली, की यांना पंगतीत बसवायचं झालं तर कोणाच्या शेजारी. फादर म्हणाले की त्यांना आत्मा आहे की नाही हे आधी ठरावं लागेल, त्याशिवाय देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, घेता येणार नाही. इनास पाटील आमचा पोलीस पाटील. गोल चेहऱ्याचा, घाबरट पण तोऱ्यात वावरणारा माणूस. त्याने हद्दीचा मुद्दा काढला. भरतीच्या रेषेखाली उतरले तर ते बंदर खात्याचे, रेषेच्या वर उतरले तर माझे, असं त्याने जाहीर केलं आणि त्यांनी शक्यतो रेषेखालीच उतरावं अशी इच्छाही व्यक्त केली.

आत्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "पंगत, देऊळ, हद्द हे तुम्ही मागाहून बघा. पहिल्यांदा बोलायला कोण जाणार?"

भटजींनी फादरकडे बघितलं, फादरनी इनासकडे.

"मग मी जाते," आत्या म्हणाली आणि उठून गेली.

त्या दिवसापासून ती तयारीला लागली. घराला चुन्याचा हात फिरवला. ओटा सारवला. बायकांना गोळा करून नियम सांगितले: किंचाळायचं नाही, पळायचं नाही, आणि पळायचंच झालं तर पडायचं नाही. खुणांच्या भाषेचा सराव सुरू केला. 'बसा', 'दमलात का', 'भूक लागली का' या तीन खुणा तिने स्वतः बसवल्या होत्या. आमच्या गोठ्यात जाऊन ती म्हशीसमोर उभी राहून त्या करून बघायची. 'बसा' म्हटल्यावर म्हैस एकदा खरोखर बसली आणि आत्याचा आत्मविश्वास फार वाढला. अर्नाळ्याची मासेवाली भागू आमच्या दारावर यायची. तिने हे सगळं ऐकून पाटी खाली ठेवली आणि गंभीरपणे विचारलं, "त्यांना प्यायला गोडं पानी लागंल का खारं?" आत्या विचारात पडली. हा प्रश्न एकाही सिनेमात आला नव्हता.

गावात तिची थट्टा व्हायची. ओळखीचे लोक आकाशाकडे बोट दाखवून विचारायचे, आत्या, पाहुणे निघाले का? आत्या रागवायची नाही. "वाटेत असतील," म्हणायची आणि पुढे जायची.

मग एका दुपारी ते आले.

म्हणजे इनास पाटलाच्या गड्याला तसं वाटलं. तो धापा टाकत पाटलाच्या अंगणात शिरला. यमूआत्याच्या बागेत आकाशातून काहीतरी पडलंय, पांढरं आहे, लाल आहे आणि हलतंय, एवढं त्याने सांगितलं. बातमी गावभर झाली. पोरीबाळी घरात कोंडल्या गेल्या. पुरुष कोयते, काठ्या, नारळ पाडायचा आकडा, हाताला येईल ते घेऊन निघाले. इनासकडे डुकरांसाठी ठेवलेली एकनळी बंदूक होती. ती घेऊन तो सगळ्यांच्या पुढे निघाला खरा, पण वाडीपर्यंत पोचेपर्यंत कसा कोण जाणे मधोमध आला होता. मीही त्या घोळक्यात होतो. माझ्या हातात शाळेची घंटा वाजवायचा हातोडा होता. तो मी का घेतला होता ते मला आजही सांगता येणार नाही.

केळींच्या मधल्या माडाला वरून एक लांबलचक पांढरं, फाटकं कातडं लोंबकळत होतं. त्याखाली लाल कापडाचा फुगीर घोळ. आणि त्याच्या दोऱ्यांना टांगलेली एक चौकोनी पेटी जमिनीपासून जरा वर हेलकावे खात होती. पेटीला तारा होत्या. वाऱ्याने आत काहीतरी टकटक वाजत होतं. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. इनासने बंदूक खांद्याला लावली.

तेवढ्यात घराकडून आत्या आली. तिने तोंड धुतलं होतं, केस विंचरले होते आणि लग्नाकार्यात नेसायचं हिरवं लुगडं नेसली होती. तिच्या चालण्यात घाई नव्हती. ती सरळ बंदूक आणि पेटी यांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"इनास, खाली कर ती."

"आत्या, बाजूला हो. मला वर उत्तर द्यायचं असतं."

"उत्तर संध्याकाळी दे. आधी मला बोलू दे."

"त्यातून काही सुटलं तर?"

"तर मला लागेल. तू कुठे पुढे आहेस?"

इनासने बंदूक खाली केली. आत्या वळली आणि पेटीपर्यंत चालत गेली. आमच्यापैकी एकही जण तिच्याबरोबर गेला नाही. ती पेटीसमोर उकिडवी बसली, पदर सावरला आणि हाताने 'बसा'ची खूण केली. पेटी हलत राहिली. तिने 'दमलात का'ची खूण केली. मग खुणा सोडून ती सरळ बोलायलाच लागली. आवाज हळू होता, पण सगळी वाडी इतकी गप्प होती की आम्हाला ऐकू येत होतं. ती म्हणत होती, की लांबून आलात, दमला असाल, ही माणसं घाबरली आहेत म्हणून असं करतात, वाईट नाहीत. भाषा येत नसेल तर हरकत नाही, येईल हळूहळू. इथलं जेवण आधी आवडणार नाही, मग आवडेल.

त्या वेळी कोणी हसलं नाही. मला आठवतं, इनासने डोक्यावरची टोपी काढली होती.

पेटीकडून उत्तर आलं नाही तेव्हा आत्याने मला हाक मारली. पेटीच्या बाजूला इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं. मी हातोड्यासकट पुढे गेलो आणि वाचलं. हवामान खात्याचा फुगा. वरची हवा मोजायला सोडलेला. यापासून धोका नाही, सापडल्यास पोलिसांकडे द्यावा.

मी ते मोठ्याने मराठीत सांगितलं. क्षणभर कोणाला अर्थ लागला नाही. मग मागून कोणीतरी फुसकन हसलं, आणि तिथून जे हसू उठलं ते थांबेना. माणसं कोयते टाकून पोट धरून हसत होती. भीती गेल्यावर येतं तसलं ते हसू होतं. त्यात वाईटपणा नव्हता, पण ते फार मोठं होतं. एकजण पेटीपुढे उकिडवा बसून हाताने 'बसा, बसा' करायला लागला.

आत्या उठली, लुगड्याची माती झटकली आणि घराकडे चालायला लागली.

ऊन कलताना वसईहून हवालदार आला, पेटी ताब्यात घ्यायला. जगताप नाव. साताऱ्याकडचा उंच, हाडकुळा माणूस. दारूबंदीच्या त्या दिवसांत गावोगाव हातभट्ट्या शोधायचं काम त्याच्याकडे होतं. त्यामुळे त्याची सायकल पाणंदीत दिसली की सगळा गाव रिकामा व्हायचा. दारं लागायची, माणसं बागांत शिरायची. इनास पाटलाला तर त्या वेळी हमखास ताप भरायचा. या हवालदाराला कोणी ओट्यावर बसवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही तो रेतीतून सायकल ढकलत आला तेव्हा वाडीत एकटा मीच होतो, मास्तरकडे भट्टी नसते म्हणून.

पेटी आत्याच्या बागेत सापडली, तेव्हा तिचा जबाब घ्यावा लागेल असं तो म्हणाला. मी त्याला घेऊन गेलो.

आत्या ओट्यावर बसली होती. अजून हिरवंच लुगडं. आत डोकावलो आणि मी दारातच थांबलो. चुलीजवळ लग्नातला मोठा टोप भाताने काठोकाठ भरला होता. शेजारी केळफुलाची भाजी, वालाचं बिरडं, नारळाच्या रसातल्या शेवया. सारवलेल्या जमिनीवर केळीची पानं मांडलेली, धुतलेली, पुसलेली. बागेत काहीतरी उतरल्याचं तिने सगळ्यांच्या आधी पाहिलं होतं. तरी ती कोणाला बोलवायला गेली नव्हती. तिने चूल पेटवली होती.

"आत्या, हे एवढं?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "किती जण असतील ते कुठे माहीत होतं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला वाटलं, माझ्याकडे कोणीतरी आलं."

हवालदार अंगणात सायकलला टेकून उभा होता. त्याने हे ऐकलं होतं. त्याने कागद काढला, पेन्सिल काढली, मग दोन्ही परत खिशात ठेवलं.

"मावशी," तो म्हणाला, "मी सकाळपासून जेवलो नाही."

आत्याने मान वर केली. मग ती उठली आणि आत जाऊन एका पानापुढे पाट ठेवला. हवालदाराने बूट काढले, पट्टा सोडला आणि असा जेवला की त्या टोपाकडे बघून माझी काळजी जरा कमी झाली. बिरड्याला त्याने आधी तोंड वाकडं केलं, मग तीनदा मागून घेतलं. मलाही बसावं लागलं. जेवता जेवता त्याने सहज विचारलं, की मावशी, तुम्हाला त्या पेटीची भीती कशी वाटली नाही. झालं. आत्याने पहिल्या परातीपासून सुरुवात केली. टोपीवाला साहेब आला, प्रोफेसर आला, मुलगी पळाली आणि पडली. हवालदार मध्येमध्ये कायद्याच्या शंका काढत होता. तोफ डागण्यापूर्वी लेखी परवानगी होती का? आत्याला असा ऐकणारा आयुष्यात मिळाला नव्हता. दिवे लागायची वेळ झाली तेव्हा तो पेटी सायकलला बांधून निघाला. जबाब राहून गेला होता.

म्हणून पुढच्या आठवड्यात तो जबाबासाठी परत आला.

नंतर पंचनाम्यात काहीतरी राहिलं म्हणून आला. मग माड कोणाच्या नावावर आहे ते बघायला आला. गावात आधी हाहाकार उडाला. सगळ्या भट्ट्या रातोरात हलल्या. इनास पाटील माझ्याकडे येऊन कळवळून म्हणाला, की मास्तर, तुमच्या आत्याला सांगा, ती चौकशी एकदाची संपवा म्हणावं, माझं सगळं सामान माझ्या बहिणीच्या गावी जाऊन पडलंय. मी आत्याला विचारलं. ती म्हणाली की सरकारी काम आहे, आपल्याला मध्ये बोलता येत नाही.

हळूहळू गावालाही सवय झाली. हवालदार सायकलवरून पाणंदीतून जायचा, इकडेतिकडे न बघता टोकाच्या घरी जायचा आणि जेवून परत यायचा. त्या वाटेवर सायकलच्या चाकाची एक बारीक चाकोरी पडली. पोरं त्या चाकोरीतून धावत आत्याकडे जायला लागली, हवालदाराची काठी बघायला. पोरांना शोधत बायका जायला लागल्या. गेल्या की बसायच्या. फुग्याच्या चौकशीचं काय झालं, हे गावात कोणी कोणाला विचारलं नाही.

एकदा रजा काढून, साध्या कपड्यांत, तो आत्याबरोबर मुंबईला सिनेमाला गेला. आत्याने परत आल्यावर सांगितलं की माणूस चांगला आहे, पण थेटरात नेण्यासारखा नाही. साहेबाने तोफ डागायचा हुकूम दिला तेव्हा हा उभा राहिला आणि आधी वरिष्ठांना कळवा असं मोठ्याने म्हणाला. मागच्या पारशाने त्याला खाली बसवलं.

मग त्याची बदली झाली. खानदेशात, कुठल्याशा लहान ठाण्यात. निरोप घ्यायला तो दुपारी आला, सामानाची ट्रंक सायकलच्या मागे बांधून. मी आत्याकडेच होतो. जेवण झालं, हात धुतले. हवालदार तिकडच्या उन्हाबद्दल बोलला. ज्वारीबद्दल बोलला. मग उठला, टोपी घातली आणि वाकून आत्याच्या पायांना हात लावला.

"तिथे ओळखीचं कोणी आहे?" आत्याने विचारलं.

"नाही, मावशी."

आजपर्यंत ती त्याला अहोजाहो करायची. त्या दिवशी पहिल्यांदा तिने त्याला एकेरीत हाक मारली.

"मग एक कर, जगताप. पोचशील त्या दिवशीच कोणाच्या तरी ओट्यावर जाऊन बस. दार लावलं तर शेजारच्या ओट्यावर बस. ते बोलावतील म्हणून थांबू नको." तिने पदराने हात पुसले. "मी कामणला थांबले. इथे परत आले तेव्हाही थांबले."

हवालदाराने टोपी काढून ओट्यावर ठेवली आणि तो परत खाली बसला. गाडीला अजून वेळ होता.